फ्लोरीन आधी

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास नुजहतच्या हातून एक साधी चूक झाली. प्रयोगशाळेतल्या यंत्राला मूलद्रव्यं मोजायची यादी देताना तिनं क्रम उलटा टाकला. रोज आधी सिलिकॉन, मग ऑक्सिजन, कॅल्शियम, पोटॅशियम आणि सगळ्यात शेवटी फ्लोरीन असं चालायचं. आज फ्लोरीन पहिला गेला. तिच्या लक्षात आलं तोवर पडद्यावर हिरवी रेघ सरकायला लागली होती. थांबवावं म्हणून तिनं हात पुढे केला, आणि तेवढ्यात रेघ चढायला लागली. चढली, आणि रोज जिथं वळायची तिथं वळलीच नाही. आणखी वर गेली. ओळखीचा जिना उतरताना शेवटी एक पायरी जास्त निघावी तसं नुजहतला झालं. पंपांची घरघर चालू होती, खिडकीबाहेर माळी पाइपानं हिरवळीवर पाणी मारत होता, जानेवारीचं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. सगळं कालच्यासारखंच होतं, आणि ती रेघ काल होती त्याहून दीडपट उंच होती.

तिनं यंत्र थांबवलं नाही. उरलेली यादी चालू दिली आणि स्टुलावर बसून राहिली. तीन वर्षं ती एकाच दगडाच्या मागे होती. अपोफिलाइट हे त्याचं नाव तिला एम.एस्सी.ला कळलं, त्याआधी त्या नुसत्या गारा होत्या. भोरच्या घरात कोनाड्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, अम्मीच्या सुयादोऱ्याच्या डब्यात, कुठंही पडलेल्या. अब्बा विहिरींवर सुरुंग लावायचे. काळ्या खडकातल्या पोकळ्या फुटल्या की आत काचेसारख्या चौकोनी गारा निघायच्या, आणि अब्बा घरी येताना खिशातून एखादी घेऊन यायचे. सातवीत असताना तिनं अब्बांच्या दाढीच्या पात्यानं अशीच एक गार चिरायचा प्रयत्न केला होता. तीन बाजूंनी पातं नुसतं घसरलं. चौथ्या बाजूनं टेकवलं मात्र, आणि गार वहीचं पान उलटावं तशी दोन झाली. आतल्या अंगाला मोत्याची चमक होती. हे अंग आजपर्यंत कोणीच बघितलेलं नाही, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं, आणि त्या विचारानं ती इतकी घाबरली की दोन्ही तुकडे पुन्हा एकमेकांवर ठेवून दाबून बसली होती.

आता ती तेच करत होती, फक्त हवेशिवाय. गारेच्या डोक्यावर धातूची बारीक खुंटी चिकटवायची, गार निर्वात भांड्यात सोडायची, आत भयंकर कमी हवा उरेपर्यंत दोन दिवस पंप चालू ठेवायचे, आणि मग बाहेरून लांब दांड्यानं त्या खुंटीला धक्का द्यायचा. पापुद्रा सुटून खाली पडायचा. उघडं पडलेलं अंग इतकं कोरं असायचं की त्याला हवासुद्धा लागलेली नसायची. त्यावर क्ष-किरण सोडले की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात, आणि ते किती जोरानं उडाले हे मोजलं की कळतं वरच्या चार-सहा थरांत कोण कोण बसलंय ते. प्रत्येक मूलद्रव्याचं पडद्यावर आपलं टोक उठतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला पीक म्हणत. तिच्या मार्गदर्शक शिळीमकर मॅडमनी चार वर्षांपूर्वी याच यंत्रावर दाखवलं होतं, की चिरलेल्या अंगावर फ्लोरीन एक-तृतीयांश कमी असतो. थर एकमेकांपासून सुटताना फ्लोरीन उडून जातो, अशी त्यांची मांडणी होती. परदेशातल्या मासिकात ते छापून आलं, लोकांनी त्याचे दाखले दिले. एप्रिलमध्ये बंगलोरला त्यावरच बोलायला मॅडमना बोलावणं होतं. आणि नुजहतच्या प्रबंधातली पाचांपैकी तीन प्रकरणं त्याच एक-तृतीयांशावर उभी होती.

यादी संपायला एक तास दहा मिनिटं लागली. संपल्यावर तिनं फ्लोरीन पुन्हा एकदा घेतला. रेघ चढली आणि रोजच्या जागी वळली. एक-तृतीयांश कमी. तोच दगड, तेच अंग. मधल्या वेळात त्याच्यावर क्ष-किरणांशिवाय दुसरं काहीही पडलेलं नव्हतं. म्हणजे चिरताना काही उडालं नव्हतं. आपण बघत बसलो होतो, म्हणून उडालं होतं. तिनं दोन्ही कागद छापून घेतले, घडी करून पर्समध्ये ठेवले, आणि ते करताना आपण कोणाच्या तरी घरातून काहीतरी उचलून नेतोय असं तिला वाटत राहिलं. मॅडम दारातून डोकावल्या. कसं चाललंय, म्हणाल्या. चाललंय, असं ती म्हणाली.

मंगल शिळीमकर. आडनाव वेल्ह्याकडचं, जन्म पुण्यातल्या चाळीतला. वय पंचावन्न. ते यंत्र त्यांनी निम्मं भंगारातून जमवलं होतं. पंप बिघडला तर अजूनही पदर खोचून स्वतः पाना घेऊन बसायच्या. पीएच.डी.च्या मुलाखतीत इतर दोघांनी नुजहतला समीकरणं विचारली होती. मॅडमनी एकच विचारलं, की नमुन्याचे दगड कुठून आणणार. अब्बांकडून, असं ती म्हणाली होती, आणि खोलीत सगळे हसले होते. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, आणि पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं. त्या बाईंना जाऊन सांगायचं, की तुमचं चुकलं. नाहीतर सांगायचंच नाही. यादी पुन्हा सरळ लावायची, मे महिन्यात प्रबंध द्यायचा आणि मोकळं व्हायचं. कोणाला कळणार होतं? दुपारभर ती हे दोन्ही विचार आलटून पालटून करत राहिली, आणि दुसऱ्या विचाराची फारशी लाज वाटत नाहीये, याचीच तिला जास्त भीती वाटली.

शुक्रवारी तिनं सुट्टी टाकली आणि स्वारगेटहून भोरची एसटी पकडली. कात्रजचा बोगदा गेला, खेड-शिवापूर गेलं, शिवऱ्याला गाडी रिकामी झाली आणि तिला खिडकी मिळाली. काच गार होती. कपाळ टेकवून ती बसली आणि स्वतःशीच वाद घालत राहिली. दगड जुना होता. दोन वर्षं खणात पडलेला, त्यातला शेवटचा. जुन्या दगडाचं काय सांगावं. त्यात बारीक भेगा असतील, ओल शिरली असेल. मॅडम पहिलं हेच विचारतील, आणि बरोबरच विचारतील. एका दगडावर, एका चुकून झालेल्या मोजणीवर कोणाचं चार वर्षांचं काम मोडता येत नाही. ताजे दगड हवेत, आत्ता खडकातून फुटलेले. हा विचार येताच तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचाही संशय आला. हे सत्य शोधणं आहे की नुसतं लांबणीवर टाकणं? काही वेळा दोन्हीचा रस्ता एकच असतो, एसटीपण एकच असते.

घरी अम्मी शिलाई मशीनवर होती. तिनं हातातली शिवण खाली ठेवली, लेकीचा चेहरा बघितला आणि चहा टाकला. अब्बा अंगणात ऊन खात बसले होते. लियाकत आतार साठीचे झाले होते. सुरुंगाचं काम त्यांनी चार वर्षांपूर्वी फिरोजच्या हवाली केलं होतं. फिरोज त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता दोन मुलांचा बाप. अब्बांचे कान जवळजवळ गेले होते. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून, ओठ दिसतील असं बोलावं लागे. दगड हवेत, असं तिनं सांगितलं. त्यांनी मान हलवली. गुंजवण्याच्या वरच्या अंगाला गेनबाची नवी विहीर चालू आहे, फिरोज तिथंच आहे, उद्या जाऊ, एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी ती अब्बांबरोबर निघाली. नसरापूरला गाडी बदलून मार्गासनी, तिथून जीप. राजगड आधी डावीकडे होता, मग समोर आला. गेनबाची खालची भातखाचरं धरणाच्या पाण्यात जायची होती. आज ना उद्या जाणार, हे वाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. काहींनी मोबदल्यासाठी तालुक्याला खेपा घालायला सुरुवात केली होती. गेनबा खेपाही घालत होता आणि वरच्या खडकाळ तुकड्यात विहीरही पाडत होता. तीस फुटांवर गेली होती. काठावर यारी उभी होती, तिच्या लोखंडी दोरानं मालाची बादली खालीवर होत होती. अंबूबाई, गेनबाची बायको, सगळ्यांच्या भाकऱ्या घेऊन आली होती. तिनं नुजहतला हाताला धरून सावलीत बसवलं आणि काय शिकतेस म्हणून विचारलं. दगड चिरून आत काय आहे ते बघते, असं नुजहत म्हणाली. फ्लोरीन नावाची एक चीज आहे, तिचं पीक कधी जास्त येतं, कधी कमी.

"पीक?" गेनबानं भाकरीचा घास हातातच धरला. "दगडात पीक घेतीस व्हय? मग हितंच ऱ्हा की. आमाला तरी कुठं मऊ जमीन ऱ्हायलीय."

सगळे हसले. नुजहतही हसली, मंगळवारपासून पहिल्यांदाच.

जेवण झाल्यावर फिरोजनं पाच भोकं भरली. वाती पेटवून तो शिडीनं वर आला आणि सगळ्यांना शंभर पावलं मागे नेलं. अब्बा मात्र उभे राहिले नाहीत. ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळवे जमिनीवर पसरून ठेवले. एक. दोन. धुराचा लोट विहिरीच्या तोंडातून वर आला. तीन, चार. जरा वेळानं पाच. प्रत्येक आवाजाला अब्बांची बोटं किंचित दबत होती. पाचव्यानंतर त्यांनी फिरोजकडे बघून पंजा उघडून दाखवला, आणि फिरोजनंही. दोघांचे पंजे जुळल्याशिवाय कोणी काठाकडे वळलं नाही.

नुजहतला एकदम शाळेतला एक दिवस आठवला. भोरच्या शाळेत, पाचवीत, पाढे म्हणताना तिची एक गल्लत झाली तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं होतं, 'लियाकतचा पाचवा'. सगळा वर्ग हसला होता. ती घरी येऊन रडली होती, आणि तो काय प्रकार आहे हे अम्मीकडून तिला तुकड्या-तुकड्यांनी कळलं होतं. पानशेतकडच्या एका विहिरीवर अब्बांनी पाच सुरुंग लावले आणि त्यांना चारच आवाज ऐकू आले. बाकी सगळे म्हणाले पाच झाले. अब्बांनी कोणाला खाली उतरू दिलं नाही. मालक ओरडला, गडी चिडले, दुसऱ्या दिवसापर्यंत काम बंद राहिलं. सकाळी अब्बा एकटे उतरले आणि हातानं राडारोडा उपसून बघितला, तर पाचही भोकं फुटलेली. पाचही आवाज झालेले. तेव्हापासून कोणी काही नसलेलं मोजलं, किंवा असलेलं चुकवलं, की भोरात लोक म्हणायचे, लियाकतचा पाचवा. ह्या गोष्टीबद्दल ती अब्बांशी कधीच बोलली नव्हती. लहानपणी लाज वाटायची म्हणून, आणि पुढे, लाज वाटत होती याची लाज वाटायला लागली म्हणून.

धूर निवळेपर्यंत वेळ होता. ती अब्बांच्या समोर जाऊन बसली, ओठ दिसतील अशी, आणि सावकाश विचारलं, की त्या वेळी पानशेतला त्यांचं खरंच चुकलं होतं का. अब्बांनी तिच्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. जुनं कपाट कोणीतरी उघडावं तसं काहीतरी होतं.

"मला चारच ऐकू आले," ते म्हणाले. बहिऱ्या माणसासारखं जरा मोठ्यानंच. "चार ऐकू आल्यावर पाच कसं म्हणायचं? कोणाचा पाय पडला असता म्हणजे? म्हणून चार म्हणालो. सकाळी खाली बघितलं, पाच होते. वर येऊन सगळ्यांच्या पुढं म्हणालो, माझं चुकलं, पाच आहेत. त्यात काय."

"मग ऐकू का नाही आला?"

"कान गेला होता, बेटा. त्याच वर्षी जायला लागला होता. मला काय माहीत? माणसाला आपला कान गेल्याचं ऐकू येत नाही." ते हसले. "लोक हसले ते बरंच झालं. हसले नसते तर मी तसाच कानानं मोजत राहिलो असतो. मग हात ठेवायला लागलो जमिनीवर. हाताला अजून सगळं कळतं."

तिला पर्समधले दोन कागद आठवले, आणि ते अब्बांना दाखवावेत असं वाटलं, पण अब्बा उठले होते. फिरोज खालून हाक मारत होता. पूर्वेकडच्या भिंतीत एक पोकळी फुटली होती. अब्बा तिला उतरू देईनात, मग त्यांनीच फिरोजला वरून हातवारे करत सांगितलं, कुठं छिन्नी लावायची, कुठं नाही. यारीच्या बादलीतून अंबूबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या गारा वर आल्या. दहा-बारा, बोटाच्या पेरापासून मुठीएवढ्या. तिनं एक उघडून हातात घेतली. ती अजून थंडगार होती. गेनबा वाकून बघत होता. ह्याचा काय उपयोग, असं त्यानं विचारलं नाही. आमच्या विहिरीतनं निघाल्यात, तवा काय निघालं ते कळव, एवढंच म्हणाला. ती हो म्हणाली, आणि ते तोंडदेखलं नव्हतं.

परतीच्या जीपमध्ये तिच्या मांडीवर ते बोचकं होतं आणि शेजारी अब्बा डुलक्या घेत होते. तिला वाटलं, इतकी वर्षं आपण ती गोष्ट चुकीच्या टोकाकडून धरली होती. आपण लाज धरली ती चूक निघाल्याची. त्यातला सकाळी वर येऊन उभा राहिलेला माणूस आपण कधी बघितलाच नाही. धुळीनं भरलेला, सगळा घोळका समोर, मालक कमरेवर हात ठेवून उभा, आणि तो म्हणतोय, माझं चुकलं. तेव्हा अब्बा कितीचे असतील? चाळिशीचे. आजच्या मॅडमहून लहानच.

पुढचे अठरा दिवस तिनं कोणाला काही सांगितलं नाही, पण आता ते लपवणं राहिलं नव्हतं. सहा गारा चिरल्या. प्रत्येकीवर फ्लोरीन आधी घेतला: पूर्ण. मग तासभर क्ष-किरणांखाली ठेवून पुन्हा घेतला: तेवढाच कमी. मग उलट बाजूनं तिनं तपासलं. एक गार चिरली आणि किरण बंद ठेवून तासभर तशीच निर्वातात राहू दिली. त्या तासात तिनं काहीच केलं नाही, भांड्याच्या जाड काचेतून आतल्या अंधुक चमकेकडे बघत बसली. फ्लोरीन इथं कमी निघाला असता तर मॅडम बरोबर ठरल्या असत्या, आणि एका मनानं तिला तसंच हवं होतं. तास झाल्यावर किरण सोडले. फ्लोरीन पूर्ण होता. तिनं चष्मा काढून डोळे पुसले, सगळे कागद तारखेप्रमाणे लावले आणि मॅडमच्या खोलीचं दार वाजवलं.

बोलायला तिला दहा मिनिटं लागली असतील. मॅडम एकेक कागद हातात घेऊन बघत होत्या. शेवटच्या कागदावर, अंधारात ठेवलेल्या गारेच्या, त्यांचा हात थांबला. तो कागद त्यांनी खिडकीजवळ नेला, जणू उजेडात वेगळं काही दिसेल. मग एवढंच म्हणाल्या, की हे माझ्याकडे राहू दे. तीन दिवस त्या प्रयोगशाळेत आल्या नाहीत. कॉरिडॉरमध्ये समोर आल्या तेव्हा मान हलवून पुढे गेल्या. त्या तीन दिवसांत नुजहतनं आपलं सगळं आयुष्य दोनदा आवरून बघितलं: भोरला परत जाणं, कॉलेजात शिकवणं, अम्मीच्या शेजारी बसून काजं करणं. आश्चर्य म्हणजे त्यातलं काहीच तिला आता तितकं भयंकर वाटत नव्हतं. केलं ते पुसून टाकावं असं एकदाही वाटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती आली तर यंत्राच्या खोलीत दिवा होता. मॅडम पदर खोचून स्टुलावर बसल्या होत्या. भांड्यात आठवी गार, नुजहतनं दोन दिवसांपूर्वी आत सोडलेली आणि त्यांनी स्वतः चिरलेली. पहाटेपासून आल्या होत्या बहुतेक. टेबलावर चहाचे दोन रिकामे कप होते. त्यांनी मान न वळवता सांगितलं, की दर पाच मिनिटांनी फ्लोरीन घेतेय; आधी झपाट्यानं जातो, मग सावकाश, आणि एका ठिकाणी जाऊन थांबतो. का थांबतो, हे कळलं तर ते आपल्या जुन्या निष्कर्षापेक्षा मोठं निघेल. मग त्या स्टुलावरच तिच्याकडे वळल्या. चेहरा उतरला होता, पण डोळे जागे होते.

"पंच्याण्णव साली मी हीच यादी लावली," त्या म्हणाल्या. "फ्लोरीन शेवटी का ठेवला, माहितीये? तो सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून यंत्र नीट तापल्यावर घेऊ म्हटलं. काळजी घेतली म्हणून चुकलं."

त्यांनी ड्रॉवरमधून एक टाइप केलेला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. मासिकाच्या संपादकांना पत्र. छोटंसंच होतं. मी चार वर्षांपूर्वी जे छापलं ते मोजण्याच्या पद्धतीमुळे चुकलं. नवी मोजमापं माझी विद्यार्थिनी नुजहत आतार हिची आहेत. सोबत जोडली आहेत. नुजहतनं दोनदा वाचलं. मग टेबलावरचं पेन घेतलं आणि पहिल्याच ओळीतल्या 'मी'वर काट मारून तिथं 'आम्ही' लिहिलं.

मॅडम म्हणाल्या, की पंच्याण्णव साली ती एम.एस्सी.ला होती, तिचा ह्यात काही संबंध नाही.

"तीच यादी मी तीन वर्षं लावली, मॅडम. दर वेळी फ्लोरीन शेवटी. मलाही शंका आली नाही."

मॅडमनी तो शब्द एकदा वाचला. मग त्यांनी कागद जवळ ओढला, खाली सही केली आणि पेन तिच्याकडे सरकवलं. तुझी पण कर, म्हणाल्या. नाव पूर्ण लिही, वडिलांचं धरून, तिकडच्या लोकांना आपली नावं अर्धवट कळतात. नुजहतनं सही केली.

प्रबंध मे महिन्यात द्यायचा नाही, वर्षभर पुढे गेला, हे दोघींनी न बोलताच मान्य केलं. तीन प्रकरणं पुन्हा लिहावी लागणार होती. नुजहतला धीर करून विचारावंच लागलं, की मग बंगलोरचं काय. येणार नाही, असं त्यांना कळवायचं का.

"नाही कशाला? मी जाणार," मॅडम म्हणाल्या. "विषय तोच आहे. शेवट तेवढा वेगळा. पहिली वीस मिनिटं मी बोलेन, चुकलं कसं ते. पुढची वीस तुझी." त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या, पाच मिनिटं होत आली होती. "घरी विचारून घे. चार दिवस लागतील. आणि रिझर्वेशनचं आजच बघ, एप्रिलमध्ये गाड्यांना गर्दी असते."